गार हवेचा तडा

कपाला टिचकी मारली की कप बोलतो, असं धाकटी म्हणायची, आणि नवीन आलेल्या बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. हसू देत. बारा वर्षं ती कपबशीच्या कारखान्यात त्या टेबलावर बसत होती. भट्टीतून निघालेला कप डाव्या हाताच्या तीन बोटांवर तोलायचा, उजव्या हातातल्या लाकडी दांडीने काठावर हलकेच ठोकायचं आणि ऐकायचं. टण्ण वाजला तर पास. ठक् झालं तर बाद, मग तो दिसायला कितीही देखणा असो. डोळ्याला न दिसणारा तडा तिच्या कानाला बरोबर सापडायचा, म्हणून कारखान्यात तिचं नावच ‘कान’ पडलं होतं. घरात मात्र ती धाकटी. थोरली म्हणजे तिची जाऊ.

ही नोकरी तिला लावून दिली थोरल्या दिरांनी. तिचा नवरा अचानक गेला, तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. ‘आता हिचं कसं होणार’ म्हणत लोक हळहळून गेले आणि परत फिरकले नाहीत. भाऊजींनी एक शब्द न बोलता दोघींना आपल्या घरात आणलं आणि महिन्याभरात तिला कारखान्यात चिकटवलं. ते स्वतः दोन नंबरच्या भट्टीवर. तीस वर्षं एकच भट्टी. सगळे त्यांना भट्टीमामा म्हणायचे. कप ऐकायला त्यांनीच तिला शिकवलं. माल वाळताना पडलेला तडा बद्द वाजतो. गार हवेचा तडा मात्र लबाड. भट्टी पुरती निवायच्या आत गार हवा आत शिरली की कप आतल्या आत तडकतो. वाजवला तर छान वाजतो, फक्त शेवटी किंचित खरखरतो. ती खरखर ऐकायला तिला दोन वर्षं लागली होती.

आणि हे सगळं ज्ञान बारा वर्षं तिच्या डोक्यात पडून होतं, कारण विचारणारं कुणी नव्हतं. सुपरवायझर यायचा, बाद मालाचा आकडा लिहून घ्यायचा, कपाळाला आठ्या घालून जायचा. कप का फुटला हे टेबलावर बसलेल्या बाईला विचारावं, हे त्याच्या सात पिढ्यांना सुचलं नसतं.

मग त्या वर्षी नव्या मॅडम आल्या. तिशी-पस्तिशीच्या, सपाट चपला, खांद्याला पिशवी. त्यांचं म्हणणं असं, की कारखान्यात सुधारणा करायची तर ती काम करणाऱ्यांना विचारूनच होईल. जिन्याजवळ सूचनांची पेटी लागली. पहिल्या आठवड्यात पेटीत काय काय निघालं म्हणता! ‘चहात दूध घाला.’ ‘सुपरवायझरला महिनाभर सुट्टी द्या, उत्पादन आपोआप वाढेल.’ एकाने तर आपल्या सासूची तक्रार टाकली होती. मॅडमनी सगळ्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या आणि सगळ्यांबरोबर हसल्या. धाकटीला त्या तिथेच आवडल्या.

दुसऱ्या दिवशी मॅडम स्टूल ओढून तिच्या टेबलाशी बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुम्हाला काय ऐकू येतं ते मला सांगा."

झालं! बारा वर्षांचं धरण फुटलं. धाकटी बोलायला लागली ती थांबेचना. बद्द तडा, खरखरता तडा, तळाशी पडलेला, कपाच्या कानाशी पडलेला. मॅडम वहीत उतरवून घेत होत्या. मधेच त्यांनी दांडी घेऊन दोन कप स्वतः वाजवले आणि कबूल केलं, "मला दोन्ही सारखेच वाटले हो." धाकटीला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं.

"हा गार हवेचा तडा वाढलाय सध्या," ती म्हणाली. "आणि दोन नंबरच्या भट्टीच्याच मालात. दाराच्या कडेला फट बुजवायला लावलेली दोरी झिजली असणार. फटीतून हवा शिरते. भाऊजी, म्हणजे आमचे भट्टीमामा, वर्षभर नवी दोरी मागतायत."

भाऊजींचा हात चुकत असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नाही. कसं येणार? भट्टी चुकेल, दोरी चुकेल, माती चुकेल. भाऊजी चुकणार नाहीत. उलट तिला वाटलं, आपल्या तोंडून त्यांचं एक काम होतंय.

मॅडमनी नुसतं ऐकून सोडून दिलं नाही. पंधरा दिवसांत नवी दोरी आली. त्या आठवड्यात दोन नंबरवर दुसरा भट्टीवाला होता. भाऊजी आणि तो एकेक आठवडा आलटून पालटून असायचे. सहा दिवसांत गार हवेचा एक तडा निघाला नाही. मॅडमनी धाकटीचा फोटो फळ्यावर लावला, खाली लिहिलं, ‘यांनी ऐकलं, आपण सुधारलो.’ बायकांनी टाळ्या वाजवल्या. घरी भाऊजींनी जाऊबाईंना तीनदा तेच सांगितलं. "अगं, माझ्या भट्टीचं दुखणं हिने टेबलावर बसून ओळखलं! डॉक्टरीण आहे डॉक्टरीण." धाकटी लाजून आत पळाली. त्या रात्री तिला वाटलं, आपण कुणीतरी आहोत. तसं वाटण्यात तिची काही चूक नव्हती.

पुढच्या सोमवारी भाऊजींचा आठवडा सुरू झाला आणि मंगळवारी भट्टीतून आलेल्या मालाच्या पहिल्या गाड्यावर, तिसऱ्याच कपाला, ती खरखर आली.

तिने पुन्हा वाजवला. पुन्हा खरखर. चौथा, नववा, दहावा. दुपारपर्यंत बाद मालाची टोपली भरली. आपली दोरी खोटी ठरली, आता फोटो उतरणार, ही पहिली भीती. माणूस आधी स्वतःचंच बघतो. जेवणाच्या सुट्टीत ती दोन डबे घेऊन भट्टीकडे गेली.

भाऊजी दार उघडायच्या बेतात होते. त्यांची एक जुनी पद्धत होती. भट्टीच्या अंगाला बोटाएवढं भोक होतं, त्यात वर्तमानपत्राची पट्टी घालायची, वीस आकडे मोजायचे, बाहेर काढून बघायची. कागद तांबूस झाला तर भट्टी अजून तापलेली, दाराला हात लावायचा नाही. पांढरा निघाला तर खुशाल उघडा. शेजारी काटा होता, पण काटा दगा देतो, कागद देत नाही, असं ते म्हणायचे, आणि तीस वर्षं कागदाने त्यांना खरंच दगा दिला नव्हता.

त्यांनी पट्टी बाहेर काढली, डोळ्यांजवळ धरली, उजेडाकडे वळवली. "बघ," ते म्हणाले, "कोरी करकरीत."

पट्टीचं टोक गडद तांबूस झालं होतं. कडेला तर काळी रेघ होती. धाकटीने काट्याकडे पाहिलं. काटा अजून दोनशे दहावर होता, दार उघडायच्या आकड्याच्या कितीतरी वर.

"भाऊजी, थोडं थांबा ना," ती म्हणाली. "जेवून घ्या आधी."

"जेवण कुठे पळून जातंय?" म्हणत त्यांनी दाराची खिट्टी काढली. गरम लोट अंगावर आला, आणि त्या मागोमाग आतून अगदी बारीक आवाज आले, टिक्, टिक्, टिक्. भाऊजींना ते ऐकू आले नाहीत, की भट्टीवाल्याला त्या आवाजाची सवय असते म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही, देव जाणे. तिला मात्र एकेक ऐकू आला. मग भाऊजींनी डबा उघडला, झाकण ठेवायला बाकाकडे हात नेला, आणि झाकण बाकाच्या चार बोटं अलीकडे, सरळ जमिनीवर पडलं.

भाऊजींना दिसत नव्हतं.

निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. त्या माणसाकडे दुसरं होतं काय? बाकीची माणसं पत्ते खेळतात, गप्पा छाटतात. हे सुट्टीच्या दिवशीसुद्धा अंगणात येरझारा घालत म्हणायचे, आता भट्टी इतकी तापली असेल. तिने त्या संध्याकाळी जरा आडून विचारलं, "भाऊजी, डोळे एकदा दाखवून या की. जाऊबाईंच्या भावाचं नाही का ऑपरेशन झालं?"

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीये?" ते असे खेकसले, की जाऊबाई हातातलं काम टाकून बाहेर आल्या. ज्या माणसाने बारा वर्षांत तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता, तो खेकसला. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. धाकटीने पुन्हा तो विषय काढला नाही.

बुधवारी सकाळी तिने पहिला खरखरता कप वाजवला, ऐकला, आणि पासच्या ट्रेमध्ये ठेवला.

मनाला समजवायला काय लागतं? अगदी बारीक तडा आहे. कप लगेच थोडाच फुटतो? भाऊजी डोळे दाखवतील, तोवरच. जे अगदीच वाईट वाजत ते ती बाद करी, बाकीचे जाऊ देई. शेजारच्या टेबलावरच्या बाईला काडीचाही संशय आला नाही. कानाच्या कामात हेच तर आहे, दुसऱ्याला तपासता येत नाही. भाऊजींचा आठवडा आला की ती हे करायची, दुसऱ्याचा आला की मान खाली घालून इमानदारीत वाजवायची. असे भाऊजींचे तीन आठवडे गेले.

फळ्यावरच्या तक्त्यात बाद मालाची रेघ खाली खाली गेली. मॅडम हरखल्या. एकदा त्या तिच्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "ताई, मुख्य ऑफिसला मी तुमचं उदाहरण दिलंय. दुसऱ्या कारखान्यांतही टेबलावरच्या माणसांना विचारणार आहेत." तिचा हात हातात घेतला त्यांनी. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम लबाड असत्या, नुसतं हरभऱ्याच्या झाडावर चढवणाऱ्या असत्या, तर बरं झालं असतं. पण बाई खरी होती.

मग एका गुरुवारी दुपारी तिला ऑफिसात बोलावलं. मॅनेजर, मॅडम, भाऊजी, दुसरा भट्टीवाला. टेबलावर एक परत आलेलं खोकं आणि त्याच्यापुढे मांडलेले पाच कप. सहाव्याचं नुसतं बूड आणि वेगळा झालेला वरचा भाग.

एका हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये तिथल्याच एका बाईने चहाने भरलेला कप उचलला आणि त्याचं बूड निखळलं. उकळता चहा मांडीवर आणि हातावर. हाताला फोड आलेत, मॅडमनी सांगितलं. बाई धुण्याभांड्याची कामं करते, महिनाभर तरी हात पाण्यात घालता येणार नाही. मॅडमचा आवाज खाली गेला होता. त्यांनी दांडी धाकटीपुढे केली. "ताई, हे वाजवून बघता?"

तिने पहिला उचलला. टण्ण, आणि शेवटी खरखर. इतक्या शांत खोलीत ती खरखर तिला केवढी मोठी वाटली! दुसरा. तिसरा. तिने मान वर केली नाही, पण तिला कळलं की भाऊजी पुढे झाले आहेत. त्यांनी चाचपडत चौथा कप घेतला, तिच्या हातातून दांडी घेतली, कानाशी धरून वाजवला. मग पाचवा. पाचवा त्यांनी दोनदा वाजवला.

"गार हवेचा तडा," ते म्हणाले. "सगळे माझ्या भट्टीचे."

"खोक्यावर तारीख आहे," मॅडम म्हणाल्या. "तुमचाच आठवडा. मी आधीच्या बाद मालाच्या तारखाही लावून बघितल्या, त्याही तुमच्याच आठवड्यांच्या. पण मला कळत नाही, हे टेबलावरून पास कसे झाले?"

आता सांगावं, असं धाकटीला वाटलं. वाक्य जिभेवर आलं होतं, मी पास केले. तीनच शब्द. पण त्यामागोमाग मुलगी आली डोळ्यांपुढे, नर्सिंगचं दुसरं वर्ष, हॉस्टेलची खोली. तिने श्वास घेतला, आणि तेवढ्यात भाऊजी बोलले.

"मला दिसत नाही," ते म्हणाले. "वर्ष झालं. कागद तांबूस की पांढरा, कळत नाही. अंदाजाने उघडतो."

मॅनेजर खुर्चीत ताठ झाला. मॅडम म्हणाल्या, "मामा, सांगायचं होतंत. दुसरं काम दिलं असतं. आजही देऊ, डोळ्यांचं बघू..."

"थांबा, संपलं नाही," भाऊजी म्हणाले. "टेबलावर माल गेला तर हिला ऐकू येणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून माझ्या गाड्यावरचे बरेचसे कप मी टेबलावर पाठवलेच नाहीत. परस्पर पॅकिंगला सरकवले. हिच्या हातून ते गेलेच नाहीत. हिला काय ठाऊक?"

असं धडधडीत खोटं तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा बोलत होता, आणि इतक्या सरळ आवाजात बोलला की सगळ्यांनी विश्वास ठेवला. डोळे गेले म्हणून झालेली चूक माफ झाली असती. स्टोअरमध्ये एखादी खुर्ची मिळाली असती, दीड वर्ष निघालं असतं. पण जाणूनबुजून तडकलेला माल बाहेर काढला, वर एका बाईचा हात भाजला, त्याला माफी कुठली? मॅनेजर कागद ओढून लिहायला लागला.

मॅडम मात्र धाकटीकडे बघत होत्या. बराच वेळ बघत होत्या. "ताई," त्या म्हणाल्या, "तुम्हाला काही सांगायचंय?"

आख्ख्या जन्मात तिला इतक्या मनापासून कुणी विचारलं नसेल.

"नाही," धाकटी म्हणाली.

त्याच दिवशी भाऊजींना घरी पाठवलं. तीस वर्षं भट्टीवर काढलेला माणूस, हातात डबा आणि एक टॉवेल. तिलाही मॅडमनी लवकर सोडलं, "मामांना एकटं पाठवू नका" म्हणून. दोघं रस्त्याने चालत निघाली. चौकात रस्ता ओलांडताना भाऊजींनी पहिल्यांदाच तिच्या दंडाला धरलं. धरलं आणि पलीकडे गेल्यावरही सोडलं नाही.

"किती पास केलेस?" त्यांनी विचारलं.

"मोजले नाहीत."

"तू मोजल्याशिवाय राहणार नाहीस. मी ओळखत नाही का तुला?"

"तीनशे अकरा," ती म्हणाली, आणि भर रस्त्यात तिला हुंदका फुटला. "भाऊजी, तुमच्यासाठीच केलं हो. तुमची भट्टी जाऊ नये म्हणून."

"तीनशे अकरा," ते म्हणाले. "म्हणजे अजून लोकांच्या हातात आहेत." थोडं चालून गेल्यावर ते म्हणाले, "मी तुला कप ऐकायला कशाला शिकवलं गं?" रागाने नाही म्हणाले. रागाने म्हणाले असते तर तिने सोसलं असतं.

"मी उद्या जाऊन सगळं सांगते."

"काही सांगायचं नाहीस. पोरीची दोन वर्षं राहिलीयेत. घरात एकाचा तरी पगार यायला हवा. आता मूग गिळलेस ना, ते तसेच पोटात ठेव."

तिने मान डोलवली. ते त्यांना दिसलं नसणार, म्हणून मग तिला तोंडाने "हो" म्हणावं लागलं.

दारात जाऊबाई उभ्या होत्या. बातमी आधीच पोचली होती; पॅकिंगमधल्या कुणीतरी फोन केला असणार. त्यांचे डोळे सुजले होते. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही, धाकटीलाच धरलं.

"तू होतीस ना तिथे? मॅडम तुझं ऐकतात. बोललीस ना काहीतरी यांच्या बाजूने? तीस वर्षं राबलेल्या माणसाला असं काढतात का? बोललीस ना?"

धाकटी चपला काढायला खाली वाकली.

"बोलली," भाऊजी आतल्या खुर्चीत बसत म्हणाले. "खूप बोलली. मॅनेजरशी भांडली माझ्यासाठी. नोकरी जायची वेळ आली होती तिची. मीच म्हटलं, आता पुरे."

जाऊबाईंनी तिला पोटाशी घेतलं. "माझी बाई," त्या म्हणत राहिल्या, "माझी गुणाची बाई." धाकटी ताठ उभी राहिली. तिचे हात वर उचललेच गेले नाहीत.

मग जाऊबाईंनी पानं मांडली. एरवी आधी भाऊजींचं ताट वाढलं जायचं, आज त्यांनी आधी तिचं वाढलं, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "सकाळपासून काही खाल्लं नसशील. खा." भाऊजी आपल्या ताटाची वाट बघत बसले होते. धाकटीने घास उचलला आणि खाल्ला. जाऊबाईंनी आणखी वाढलं, तेही खाल्लं.